तिचे मैल

मे महिन्यात रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं
की मी तिला गोठ्यातून बाहेर काढते.
गाई विकल्या त्याला तेवीस वर्षं झाली,
सीटला अजून वैरणीचा वास,
आणि पहिल्यांदा चावी फिरवली की ती
व्यायला टेकलेल्या गाईसारखीच हुंकारते.

एकोणीसशे चौसष्टची डॉज.
पुढचा उजवा मडगार्ड हिरवा,
बाकी सगळी एके काळी सायीच्या रंगाची.
हिरवा मडगार्ड तिच्याच एका बहिणीचा,
जिला उत्तरेच्या रस्त्यावर एल्क आडवा आला.
ड्रायव्हरची काच अर्ध्यावर येऊन हट्टाला पेटते.
घड्याळात कायम चार वाजून वीस मिनिटं;
पहाटेचे की दुपारचे, ओहायोतले की ल्यूसदालमधले,
मी विचारत नाही.

काट्याशी मात्र भांडण झालं.
मैल आमच्याकडेही आहे, पण तो दहा किलोमीटरचा.
चर्च अर्ध्या मैलावर, असं आई सहज म्हणायची
आणि आमचे मोजे पाच किलोमीटर भिजायचे.
हिचा मैल तोकडा, बाह्या आखडलेल्या सदऱ्यासारखा.
म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पाढा घोकला:
तीस म्हणजे पन्नास,
पन्नास म्हणजे ऐंशी,
साठ म्हणजे पुरे.
साठच्या पुढे स्टीअरिंग स्वतःचं मत मांडू लागतं.

शेजारचा यालमार म्हणतो, मार्गित,
एवढ्या पेट्रोलात बोट चालेल.
म्हटलं, बोटच आहे ही, फक्त नदीत घालत नाही.
त्याची विजेची गाडी इतकी गप्प
की त्याचं मांजर दोनदा वाचलंय.

हा शनिवार भलताच उन्हाचा निघाला.
पुलाच्या अलीकडे दोन उचक्या दिल्या तिने
आणि बसली.
मागे ओंडक्यांनी भरलेले दोन ट्रक.
पेट्रोल पंपावरून हैथम धावत आला,
बॉनेट उघडलं, पाइपला बोट लावलं, चटका बसला,
बोट तोंडात धरूनच म्हणाला,
पेट्रोल उकळतंय, आतच वाफ धरलीय.
घरी कपड्यांचे चिमटे आहेत? लाकडी. प्लास्टिकचे नकोत.

घर पुलावरून दिसतं.
दोरीवरून आठ चिमटे ओढले,
दोन सदरे आणि एक पलंगपोस वाऱ्याने नेला, नेऊ दिला.
त्याने ते पाइपवर एकेक असे लावले
जणू तिचंच काही ओलं वाळत घालतोय.
अलेप्पोत काकांची डिसोटो होती, म्हणाला, टॅक्सी.
तिला बारा लागायचे.
काकू ओरडायची, माझं धुणं आता दातांनी धरू का?
तो हसला,
आणि ते हसू माझ्या काचेसारखं
अर्ध्यावर अडकलं.

काकांचं काय झालं ते विचारलं नाही.
डिसोटोचं विचारलं.
दारं कुणाच्या तरी खुराड्याला लागली, म्हणाला,
चांगली दारं होती, कोंबड्यांना थंडी वाजली नसेल.
बाकीची माहीत नाही.

ती निवेपर्यंत आम्ही थर्मासातली कॉफी
झाकणातून आळीपाळीने प्यायलो.
तू अमेरिका पाहिलीयस?
नाही. तुम्ही?
नाही.
ट्रकवाला खाली उतरून सेल्फी काढून गेला.

दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळी पट्टी आहे.
मर्ल नावाच्या कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय:
ऑइल बदललं, ४१,२१०.
ऑइल बदललं, ४४,०३५.
मग अक्षर थरथरतं, मग नुसता आकडा,
मग बोटभर कोरी जागा.
त्याखाली मी. बॉलपेनने.
मैलांतच लिहिते, भागाकार करत नाही;
त्याच्या हिशेबात खाडाखोड करणारी मी कोण.

रात्री उशिरापर्यंत उजेड होता.
पलंगपोस ओटच्या शेतात सापडला, सदरा एकच.
गोठ्यात तिचं इंजिन टिकटिक करत निवत होतं,
चिमटे जागेवर.
पट्टीवर जागा उरली नव्हती तरी तिरपं लिहिलं:
७८,४१६. आठ चिमटे. हैथम.